तीस दिवसांत फाडफाड? मोठ्यांच्या इंग्रजी वर्गांचा आढावा

महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या एसटी स्टँडाजवळ दोन पाट्या हमखास दिसतात. एक संगणक-टायपिंगची, दुसरी इंग्लिश स्पीकिंगची. दुसरीवर तीस दिवसांचं, फार तर तीन महिन्यांचं आश्वासन असतं आणि ‘फाडफाड’ हा शब्द असतो. जिना चढून वर गेलं तर सकाळी सातच्या बॅचला बँकेच्या मुलाखतीची तयारी करणारा पदवीधर भेटतो, दुपारी मुलांना शाळेत सोडून आलेल्या आया, संध्याकाळी एमआयडीसीतली शिफ्ट संपवून आलेला सुपरवायझर आणि परदेशातल्या नोकरीसाठी परीक्षा द्यायची असलेली नर्स. यातलं कुणीही कोरी पाटी घेऊन आलेलं नसतं. २००० सालापर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. त्या वर्षापासून ते पहिलीपासून सुरू झालं. म्हणजे आज चाळिशीत असलेला माणूसही दहावीपर्यंत सहा वर्षं इंग्रजी शिकलेला आहे. कर्तरीचं कर्मणी करून त्याने गुण मिळवलेले आहेत. तरी तो पुन्हा फी भरतो, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर त्याला पुन्हा बारा काळांचा तक्ता दिसतो.

२०११च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे भारतात अडीच लाखांच्या आसपास होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती येते असं सांगणारे मात्र बारा कोटींहून अधिक. आपल्याकडचं इंग्रजी हे जवळजवळ सगळं शिकून मिळवलेलं इंग्रजी आहे. असं असताना मोठ्या माणसाला ते कसं शिकवावं, याचा विचार आपल्याकडे शाळेच्या मानाने फारच कमी झाला. वर्ग कंटाळवाणे होतात अशी तक्रार आली की त्यावरचा उपाय म्हणून खेळ, गाणी, विनोद आणि ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ येतात. हा उपाय चुकीच्या रोगावर आहे, असं माझं मत आहे. प्रौढ माणूस वर्गात रमतो तो करमणुकीने नव्हे. आज शिकलेलं उद्या वापरता आलं म्हणजे.

मराठी माणसाच्या इंग्रजी शिकण्याला मोठी परंपरा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. नियम, शब्दार्थ, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी, अशी तिची रीत. या रीतीला आज नावं ठेवायची फॅशन आहे, पण अर्ज लिहिणं, कायदा वाचणं, कचेरीचा पत्रव्यवहार करणं ही ज्यांची गरज होती त्यांना तिने ते नेमकं दिलं. बोलणं ही तिची प्रतिज्ञाच नव्हती. पुढे रॅपिडेक्स आलं. दिल्लीच्या पुस्तक महलने निरनिराळ्या भारतीय भाषांतून काढलेलं हे पुस्तक, आणि त्याच्या जाहिरातीत कपिल देव. जाहिरातीतली निवड अचूक होती, कारण विकायचं होतं ते व्याकरण नव्हे, लहान गावातून आलेल्या माणसाचा आत्मविश्वास होता. पुस्तकात प्रसंग होते: दुकानात, डॉक्टरकडे, प्रवासात. पण पुस्तकाला समोरून उत्तर देता येत नाही. ‘हाऊ आर यू’ला ‘फाइन’ऐवजी दुसरंच काही उत्तर आलं की पाठ केलेला संवाद तिथेच तुटतो.

जगभरात या काळात पद्धतींची रांग लागली होती. मातृभाषा वर्ज्य करणारी थेट पद्धत, पन्नाशीच्या दशकात भारतात जोरात आलेली आणि एकेक वाक्यरचना घोटून घेणारी पद्धत, बल्गेरियाच्या लोझानोव्ह यांची मऊ खुर्च्या आणि संगीतवाली, गॅटेन्यो यांची शिक्षकाने जवळजवळ मौन पाळायची. सत्तरच्या दशकात भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी मांडलं की भाषा येणं म्हणजे वाक्य शुद्ध असणं एवढंच नव्हे. कुणाशी, कुठे, काय बोलावं हेही त्यात येतं. तिथून संवादकेंद्री अध्यापनाची लाट आली आणि ती अजून ओसरलेली नाही. आपल्याकडच्या क्लासच्या माहितीपत्रकावर ‘कम्युनिकेटिव्ह’ हा शब्द ठळक छापलेला असतो. आत शिरल्यावर तक्ता तोच.

या रांगेत एक प्रयोग भारतातला आहे आणि तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला, याची आपल्याकडे फारशी जाणीव नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू, मद्रास वगैरे ठिकाणच्या साध्या शाळांत व्याकरणाचा अभ्यासक्रमच बाजूला ठेवला. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा, आणि प्रश्न सोडवायला लावायचं: अमुक वाजता पोचायचं तर कुठली गाडी धरावी? डोकं उत्तरात गुंतलेलं, भाषा वाटेत शिकली जाते. प्रयोग मुलांवरचा होता, पण तो मोठ्यांना अधिक लागू पडतो असं मला वाटतं, कारण मोठ्यांकडे सोडवायला खरे प्रश्न असतात. याच प्रभूंनी १९९० मध्ये सर्वोत्तम अशी कुठलीच पद्धत नसते, असं सांगणारा लेख लिहिला. शिक्षकाला आपण काय करतो आहोत आणि का, याची जिवंत जाणीव असणं हे पद्धतीच्या नावापेक्षा महत्त्वाचं, असा त्याचा रोख. क्लासवाल्यांनी भिंतीवर लावावा असा तो लेख आहे.

‘आता या वयात कुठे जमणार?’ हा प्रत्येक बॅचमध्ये निघणारा प्रश्न. याचं उत्तर बरंच आधी मिळालेलं आहे. १९७८ मध्ये कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागल-हूले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डच शिकताना पहिल्या काही महिन्यांत लहान मुलांपेक्षा कुमारवयीन आणि मोठी माणसं पुढे होती. मुलं मागाहून गाठतात, आणि उच्चारांत दीर्घकाळात त्यांचा वरचष्मा राहतो, हे खरं. पण मोठ्या माणसाकडे एक भाषा पूर्ण तयार असते, जगाचं ज्ञान असतं, रचना पटकन ध्यानात येते. त्याच्याकडे नसतो तो वेळ. आणि त्याच्याकडे जास्त असते ती लाज.

प्रौढशिक्षणाच्या विचारात दोन नावं वारंवार येतात. अमेरिकेतल्या माल्कम नोल्स यांनी १९७० पासून मांडलं की मोठा माणूस स्वतःचा अनुभव घेऊन येतो, का शिकायचं हे त्याला आधी कळावं लागतं, आणि पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून तो शिकत नाही. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये आंगिकोस या गावी सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांच्या आसपास अक्षरओळख करून दिली. त्यांनी पाठ्यपुस्तकातल्या शब्दांनी सुरुवात केली नाही. मजुरांच्या रोजच्या आयुष्यातून शब्द निवडले, त्यांवर चर्चा घडवली, मग अक्षरं. ती साक्षरता होती, इंग्रजी नव्हे. पण आपल्या वर्गांना त्यातून सरळ धडा मिळतो. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला युरोपातल्या खरेदीदाराचा ईमेल वाचायचा आहे. चाकणच्या सुपरवायझरला मशीन का थांबलं हे परदेशी इंजिनिअरला व्हिडिओ कॉलवर सांगायचं आहे. आईला इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या पालकसभेत उठून एक प्रश्न विचारायचा आहे, तोही मुलाची मान खाली न जाता. या तिघांना एकाच दिवशी ‘माय फेव्हरिट हॉबी’वर बोलायला लावणं हा त्यांच्या फीचा अपव्यय आहे. पहिल्या आठवड्यात शिक्षकाने प्रत्येकाला मराठीत एवढंच विचारावं: गेल्या महिन्यात इंग्रजी न आल्यामुळे नेमकं कुठे अडलं? त्या उत्तरांतून अर्धा अभ्यासक्रम निघतो. खरी कागदपत्रं मागवावीत. शाळेची सूचना, कुरिअरचा मेसेज, बँकेचा फॉर्म, औषधाच्या खोक्यावरची माहिती.

खेळांना माझा विरोध नाही. पण पन्नाशीच्या गृहस्थाला टाळ्या वाजवत गोलात उभं केलं की तो हसतो, आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. खेळात माहितीची देवाणघेवाण असेल तर तो खेळ राहत नाही, काम होतं. एकाच्या हातात डॉक्टरच्या रिकाम्या वेळा, दुसऱ्याच्या हातात स्वतःची आठवड्याची कामं. दोघांनी कागद न दाखवता अपॉइंटमेंट ठरवायची. हे दहा मिनिटांचं काम आहे, त्याला खर्च शून्य आहे, आणि त्यात टाळ्या नाहीत.

आता घड्याळाकडे वळू, कारण सगळं गणित तिथेच फसतं. तासाचा वर्ग, तीस माणसं. शिक्षक एक शब्दही बोलला नाही आणि सगळे पाळीपाळीने बोलले तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. प्रत्यक्षात सर पंचेचाळीस मिनिटं बोलतात, म्हणजे वाट्याला अर्धं मिनिट. महिनाभरात पंधरा मिनिटंही न बोललेला माणूस ‘बोलायला शिकला’ असं प्रमाणपत्र घेऊन जातो. याच वर्गात अर्धा तास जोड्या लावून बोलायला दिलं तर प्रत्येकाला पंधरा मिनिटं रोज मिळतात. ‘पण ते चुकीचं इंग्रजी एकमेकांना शिकवतील’ ही शिक्षकांची नेहमीची भीती. तिच्यात तथ्य थोडं, आणि फायद्याच्या मानाने फारच थोडं. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की वर्षानुवर्षं भाषा कानावर पडून कळायला लागते, पण बोलताना त्रुटी राहतात. बोलायला, लिहायला भाग पडल्याशिवाय आपल्याला काय येत नाही हेच माणसाला कळत नाही.

जोड्यांच्या कामात एक साधी युक्ती मला सगळ्यांत जास्त भावते. तिला चार-तीन-दोन म्हणतात. एकच गोष्ट, समजा ‘माझं कामाचं ठिकाण’, जोडीदाराला चार मिनिटांत सांगायची. मग जोडीदार बदलून तीच गोष्ट तीन मिनिटांत, आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा, म्हणून सांगणाऱ्याला कंटाळा येत नाही. मजकूर तोच, म्हणून तिसऱ्या वेळी अडखळणं कमी होतं आणि वेग येतो. चाळीस माणसांच्या दाटीतही हे करता येतं, बाकं भिंतीला लावायची तयारी असेल तर. गोंगाट होईल. शेजारच्या क्लासचे सर दार वाजवतील. होऊ द्यावं.

भीतीचं प्रकरण मात्र तंत्राने सुटणारं नाही. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१०च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की पती शिकवत होते, पण त्या इंग्रजी शिकतात म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष आणि टोमणे सोसावे लागत. सव्वाशे-दीडशे वर्षांनी टोमण्यांची दिशा उलटली आहे. आता इंग्रजी येत नाही म्हणून ते बसतात, आणि बऱ्याचदा पोटच्या मुलांकडून. गौरी शिंदे यांच्या २०१२च्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधली शशी गोडबोले हेच सोसते. चार आठवड्यांत भाषा, ही चित्रपटातली सोय आपण सोडून देऊ. त्या वर्गाचं एक वैशिष्ट्य मात्र उचलावं असं आहे. लाडू करून विकणाऱ्या बाईला तिथला शिक्षक पहिल्यांदा उद्योजक म्हणतो. वर्गात येणारा माणूस बाहेर कुणीतरी आहे, एखाद्या कामात तो शिक्षकापेक्षा वरचढ आहे, हे ध्यानात ठेवून प्रश्न विचारला की आवाज बदलतो. प्लंबरला गळती कशी शोधतात हे विचारा. तो शब्द शोधेल, हातवारे करेल, पण थांबणार नाही.

चुका कधी सुधारायच्या, यावर शिक्षकांत वाद आहेत. कॅनडातल्याच वर्गांचा अभ्यास करून रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी १९९७ मध्ये दाखवलं की शिक्षक बहुतेक वेळा विद्यार्थ्याचं चुकलेलं वाक्य स्वतःच दुरुस्त करून म्हणतात, आणि विद्यार्थ्याच्या ते लक्षातच येत नाही. इशारा देऊन त्यालाच दुरुस्त करायला लावणं अधिक उपयोगी ठरतं. माझ्या मते प्रौढांच्या वर्गात बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये. शिक्षकाने फिरत फिरत चुका वहीत टिपाव्यात आणि शेवटच्या दहा मिनिटांत, नावं न घेता, फळ्यावर पाच-सहा वाक्यं लिहून सगळ्यांना विचारावं. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हे कुणाचं वाक्य होतं हे फक्त त्याला कळतं. तेवढं पुरतं.

मराठीचं काय करायचं? अनेक क्लासमध्ये मराठी शब्द उच्चारला की पाच-दहा रुपये दंड असतो. १९६१ मध्ये युगांडातल्या माकेरेरे इथे झालेल्या इंग्रजी अध्यापनाच्या परिषदेतून ‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं’ हा समज पक्का झाला; रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये त्याला भ्रम म्हटलं. दंडाने इंग्रजी वाढत नाही, बोलणंच कमी होतं. सूचना मराठीत अर्ध्या मिनिटात देऊन पुढची वीस मिनिटं इंग्रजीला मोकळी करणं, हा सरळ हिशेब आहे. शिवाय काही गोष्टी मराठीशी तुलना केल्याशिवाय उलगडतच नाहीत. आपल्याकडे आदर क्रियापदात बसतो: ‘पाणी द्या’ म्हटलं की पुरे, निराळा ‘कृपया’ लागत नाही. तेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत गेलं की हुकूम वाटतो, आणि बोलणाऱ्या भल्या माणसाला आपण उर्मट ठरलो हे कळतही नाही. साहेबांना ‘यू’ म्हणताना जीभ अडते, कारण त्यात तू आणि तुम्ही यांचा भेद नाही. मग प्रत्येक वाक्यात दोनदा ‘सर’ येतं. हे मराठीतून पाच मिनिटं बोललं की सुटतं. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचं मात्र तसं नाही. मराठीत तशी सोयच नसल्यामुळे ती अनेक वर्षांनीही चुकतात, आणि त्यांच्यावर पहिल्या तीन महिन्यांत वेळ घालवू नये.

उच्चारांविषयी थोडक्यात. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ पासून दाखवून दिलं आहे की बोलण्यावर परकी छाप दाट असली तरी ऐकणाऱ्याला ते व्यवस्थित समजू शकतं. अमेरिकन हेल काढायला शिकवणारे क्लास न लागणारी वस्तू विकतात. ‘शिप’ आणि ‘शीप’मधला ऱ्हस्व-दीर्घ भेद आणि शब्दात कुठे जोर द्यायचा, एवढं सांभाळलं तरी फोनवरचं काम होतं.

तीस दिवसांच्या आश्वासनाचा हिशेबही करून टाकू. केंब्रिजच्या अंदाजानुसार युरोपीय मोजपट्टीवरची पहिली पायरी गाठायला मार्गदर्शनाखालचे ९० ते १०० तास लागतात, दुसरीला एकूण १८० ते २००, आणि स्वतंत्रपणे व्यवहार करता येईल अशा तिसऱ्या पायरीला ३५० ते ४००. रोज एक तास धरला तर तीस दिवसांत तीस तास. आपल्या माणसाचा शाळेतला पाया धरूनही ‘फाडफाड’ बसत नाही. त्यात विसरणं आलं. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच विसरण्याचा वेग मोजला होता. वाढत्या अंतराने पुन्हा आठवायला लावणं हाच त्यावरचा उपाय. तरी बहुतेक वर्गांत सोमवारचा धडा सोमवारीच संपतो. दर तासाची पहिली पाच मिनिटं परवाच्या आणि गेल्या आठवड्याच्या शब्दांना दिली, वही न उघडता, तर पुष्कळ टिकतं. रोज पन्नास शब्दांची यादी पाठ करायला देण्यापेक्षा नेहमीच्या वापरातले दोन हजार शब्द जिभेवर खेळते करणं बरं. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये अशी यादी काढली होती. ढाक्याला शिकवत असताना बंगाली मुलांसाठी वाचनपुस्तकं तयार करण्यापासून त्यांच्या कामाची सुरुवात झाली होती.

मोठी माणसं गैरहजर राहतात. शिफ्ट बदलते, लग्नसराई येते, गणपती येतात, सासूबाई आजारी पडतात. कालच्या धड्यावर आजचा धडा रचलेला असेल तर दोन दिवस चुकलेला माणूस तिसऱ्या दिवशी लाजेने येतच नाही. म्हणून प्रत्येक तास आपल्यापुरता पूर्ण असावा. एक प्रसंग, एक काम, संपलं. हे करायला शिक्षक तयार लागतो, आणि दुखणं तिथे आहे. केंब्रिजचा प्रौढांना शिकवण्याचा पायाभूत अभ्यासक्रम सुमारे १२० तासांचा आहे आणि त्यात निरीक्षकासमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं. आपल्या गल्लीतल्या क्लासमध्ये शिकवणारा तरुण बहुधा मागच्या वर्षीचा हुशार विद्यार्थी असतो, तासावर पैसे मिळवणारा, आणि त्याला कुणी कधी शिकवताना पाहिलेलं नसतं. तो तक्त्याला धरून बसतो, कारण तक्त्यात तो सुरक्षित असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्यातून एकदा दोन क्लासच्या शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात मागे बसावं, एवढं तरी फुकटात होण्यासारखं आहे.

मोबाइलवरची अ‍ॅप्स आणि आता बोलणारे एआय यांनी एक गोष्ट सोपी केली: एकांतात, कुणी न हसता, हवा तितका सराव. लाजऱ्या माणसाला ही मोठी सोय आहे आणि वर्गांनी तिच्याशी भांडू नये. उद्याच्या पालकसभेचा प्रश्न रात्री फोनशी तीनदा बोलून पाहावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रोज अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप टाकावा. पण मशीन कधी उतावीळ होत नाही, काउंटरवरचा माणूस होतो. त्या उतावीळपणाला तोंड द्यायची सवय माणसांतच होते.

क्लास लावायचा विचार असेल तर मोफतच्या डेमोवर जाऊ नका, तो सजवलेला असतो. दुसऱ्या महिन्यात असलेल्या एखाद्या बॅचमध्ये तासभर मागे बसू द्या म्हणावं. घड्याळ काढून ठेवा आणि दोनच गोष्टी मोजा: शिकणारे किती मिनिटं बोलले, आणि जे बोलले ते त्यांच्या स्वतःच्या कामाचं होतं का. बसू देत नसतील, किंवा तासातली चाळीस मिनिटं सरच बोलत असतील, तर फी भरू नका.